आठ दोऱ्या आणि एक विसावा

मर्डो मॅकास्किलने मला स्वतःच्या मयताचं आमंत्रण दिलं ते मरायच्या पाच महिने आधी. छापील.

पांढरं जाड कार्ड. त्यावर एक लांबट चौकोन, म्हणजे पेटी. चौकोनाभोवती आठ ठिपके : डोक्याशी एक, पायाशी एक, दोन्ही बाजूंना तीन-तीन. पायाकडचा ठिपका लाल शाईने भरलेला. खाली हाताने लिहिलेलं, ‘क्रमांक दोन. अपूर्व.’ तारखेची जागा मोकळी.

“तारीख?” मी विचारलं.

“डॉक्टर म्हणतो, ऑगस्टच्या आत. तुझी लीव्ह अप्रूव्ह व्हायला किती दिवस लागतात?”

“दोन आठवडे.”

“मग मी दोन आठवडे आधी कळवीन,” तो म्हणाला आणि चहात बिस्किट बुडवलं.

मर्डो आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. ट्रुगानिना म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेला, जिथे गोदामं सुरू होतात आणि शहर संपायचं विसरतं, ती जागा. सपाट माळ, काळा दगड, झाड शोधावं लागतं, आणि वारा असा की कचऱ्याचे डबे दर मंगळवारी स्वतःच शेजाऱ्यांकडे जाऊन येतात. त्याच्या गल्लीत बेचाळीस घरं. एकेचाळीस आपली, म्हणजे मराठी, तेलुगू, पंजाबी, गुजराती. बेचाळीसावं मर्डोचं. एक एजंट दर महिन्याला घर विकणार का विचारायला यायचा आणि मान तिरकी करून म्हणायचा, “इथे तुम्हांला एकटं नाही वाटत?” मर्डो म्हणायचा, “वाटतं. म्हणून तर तुला आत घेतो.”

सत्त्याऐंशी वर्षांचा हा माणूस इथे का राहतो, हे मीही एकदा विचारलं. तो म्हणाला, “झाडं नाहीत, वारा आहे, दगड आहेत आणि माझी भाषा कुणाला येत नाही. फक्त समुद्र दिला असता तर बोरसेच.”

बोरसे हे त्याचं गाव. आपल्याकडे ते नाशिककडचं आडनाव आहे. त्याच्याकडे ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला, बाकीची बेटं संपल्यावर उरलेलं बेट. नकाशावर दाखवताना तो आधी दुसरी बेटं दाखवायचा, मग त्यांच्या डावीकडे कोऱ्या निळ्या समुद्रावर बोट ठेवायचा. “इथे. छापणाऱ्याने शाई वाचवली.”

चार मैल लांब, दीड मैल रुंद. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, छप्पर उडू नये म्हणून त्यावरून दोर टाकून दोरांना दगड बांधलेले. जळणाला लाकूड नाही, म्हणून जमिनीतलीच काळी कुजकी माती विटांसारखी कापायची, उन्हाळाभर वाळवायची आणि हिवाळाभर जाळायची. “आम्ही बेट जाळूनच बेटावर राहत होतो,” मर्डो म्हणायचा. सगळ्यांची बोली गेलिक. इंग्रजी शाळेत मिळायचं, मास्तरच्या पट्ट्यासोबत. आणि प्रत्येक खडकाला नाव. ‘दोन बहिणी बोलत नाहीत.’ ‘इथे नॉर्मनचा बूट गेला.’ अशी दोनशे अकरा नावं मर्डोला पाठ होती. शेवटचं कुटुंब बेट सोडून गेल्याला पन्नास वर्षं झालीत. आता तिथे मेंढ्या आहेत आणि त्यांना नॉर्मन कोण ते माहीत नाही.

नावं ठेवायची त्याची सवय मात्र सुटली नव्हती. आमच्या राउंडअबाउटला तो ‘म्हाताऱ्या मेंढीची पाठ’ म्हणायचा. पाणी साठवायच्या कृत्रिम तळ्याला ‘कुणीच न बुडालेलं’. माझा मित्र आणि हाउसमेट हृषिकेश प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्याने ती सगळी नावं एका शेअर्ड मॅपवर टाकली. चार दिवसांनी एक पिझ्झावाला ‘म्हाताऱ्या मेंढीची पाठ’वर उभा राहून फोन करत होता.

आमची ओळख क्रिकेटमुळे. मर्डोच्या कुंपणामागे ओव्हल आहे, तिथे आम्ही रविवारी खेळतो. तो अंपायर व्हायचा. क्रिकेट त्याला शून्य यायचं. तीन सीझन त्याने कुणालाही आउट दिलं नाही. एकदा बोट वर केलं तेव्हा वरून घार चालली होती.

मे महिन्यात, कार्ड दिल्यावर तीन महिन्यांनी, त्याने मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. बोरसेवर मेलेल्याला चाकांवर नेत नसत. गावातले पुरुष दोन रांगा करायचे. पुढचे खांदा द्यायचे, वीस पावलांनी बाजूला व्हायचे, मागचे आत शिरायचे, असं करत साडेतीन मैल. अर्ध्या वाटेवर दगडांचा ढीग असायचा. तिथे पेटी टेकवायची, प्रत्येकाने एक दगड ढिगावर ठेवायचा, मग पुढे. कबरीपाशी पेटीला आठ दोऱ्या, आठ माणसं. कुणी कुठली दोरी धरायची हे मरणाऱ्याने ठरवायचं. एक नंबर डोक्याकडे, सगळ्यांत जवळच्या माणसाचा.

“आणि बायका?” मी विचारलं.

“बायका फाटकापाशी थांबतात.”

“आमच्यातही नसत येत पूर्वी.”

“तुझ्या बापाला कुणी उचललं?” त्याने एकदम विचारलं.

असले प्रश्न तो हवापाण्याच्या सुरात विचारायचा. मीही तसंच उत्तर दिलं. बाबा एकवीस साली गेले. बॉर्डर बंद होती. पुण्याहून मावसभावाने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खुर्चीवर उभा केला. दोन माणसं आली, नखशिखान्त पांढऱ्या प्लास्टिकमध्ये. बाबांना स्ट्रेचरवर घेतलं, स्ट्रेचर ढकलत अँब्युलन्सपर्यंत नेलं. लिफ्टमध्ये नेटवर्क गेलं. मला शेवटचे दिसले ते बाबांचे पाय, आणि त्याखाली एक चाक जे नीट वळत नव्हतं. मग स्क्रीनवर लोडिंगचं गोल फिरत राहिलं.

मर्डोने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “चाकं.”

“हो. चाकं.”

“म्हणून तुला दोन नंबर. दोन नंबर पायाकडे असतो. पाय तुला ओळखीचे आहेत.”

हा विनोद होता की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“तीन गोष्टी,” त्याने बोटं वर केली. “चाकं नकोत. आठ दोऱ्या, आठ माणसं. आणि पाय पूर्वेला.”

पूर्वेचं असं, की शेवटच्या दिवशी म्हणे सगळे मेलेले उठून बसतात. उठल्यावर समोर पूर्व हवी. बोरसेच्या दफनभूमीत सगळे तसेच झोपलेत. फक्त मिनिस्टर, म्हणजे चर्चचा पाद्री, उलटा पुरतात. डोकं पूर्वेला. उठला की तोंड आपल्या लोकांकडे, म्हणजे प्रवचन जिथे थांबलं तिथून पुढे सुरू.

“मला मिनिस्टरसारखं पुरलंत,” मर्डो म्हणाला, “तर उठल्या-उठल्या पहिला तुझ्याकडे येईन.”

यामागे गोष्ट होती. बोरसेवर रविवारी काही करायचं नाही. पाणी भरायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, शाळेच्या झोक्याला साखळी. मर्डो एकोणीस वर्षांचा असताना एका शनिवारी त्याचा थोरला भाऊ अलिस्टर होडीतून मेंढ्या बघायला गेला आणि परत आला नाही. रविवारी सकाळी होडी किनाऱ्यावरून दिसत होती, खडकांपाशी हेलकावत. मिनिस्टर म्हणाला, सोमवारी. मर्डोने एकट्यानेच वल्ही मारली. भावाला आणलं. भाऊ मेलेला होता. कधीपासून, ते कुणाला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी मिनिस्टरने भर चर्चमध्ये नाव घेतलं. अलिस्टरचं नाही, मर्डोचं. रविवार मोडला म्हणून. शंभर माणसं खाली बघत बसली. आणि त्याच माणसांनी अलिस्टरला साडेतीन मैल खांद्यावरून नेलं होतं, पावसात, एकदाही न कुरकुरता.

“त्यांचा द्वेष करावा की नाही हे ठरेना,” मर्डो म्हणाला. “म्हणून ऑस्ट्रेलियाला आलो. विचार करायला.”

“मग?”

“अजून करतोय.”

मी वचन दिलं. माझे शब्द होते, “नो वरीज.”

सात कार्डं दिली गेली. मी, हृषिकेश, क्रिकेटमधले चौघे, आणि सहा नंबर दीनानाथ काका. काका म्हणजे हृषिकेशचे वडील, सहकारी बँकेतून रिटायर झालेले, व्हिजिटर व्हिसावर मुलाकडे आलेले. पुण्यात त्यांच्या सोसायटीत कुणी गेलं की पहिला फोन काकांना जायचा. बांबू कुठे मिळतात, भटजी कुणाला सांगायचे, कुठल्या नातेवाइकाला कुणाशेजारी उभं करायचं नाही, सगळं त्यांना ठाऊक. ट्रुगानिनात येऊन आठ महिने झाले होते आणि एकही माणूस मेला नव्हता. काका अक्षरशः वाळत चालले होते. मर्डोशी त्यांचं जमलं. रोज सकाळी दोघं ‘कुणीच न बुडालेलं’भोवती फेऱ्या मारायचे आणि मयतांबद्दल बोलायचे. दगडांच्या ढिगाचं ऐकून काका घरी धावत आले. “अरे, विसावा! यांच्यातही विसावा असतो! सगळं आपल्यासारखंच आहे!”

आठवं कार्ड, म्हणजे नंबर एक, मर्डोने मला पाकिटात घालून दिलं. पत्ता पर्थचा. नाव शीना मॅकास्किल.

शीना ही त्याची एकुलती मुलगी. नऊ वर्षांपूर्वी मर्डोची बायको गेली. तिची इच्छा दहनाची होती, शीनाने तसं केलं. पेटी रुळांवरून सरकत पडद्याआड गेली आणि मर्डो दोन्ही हात रिकामे घेऊन उभा राहिला. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद.

“तू तर म्हणालास, बायका फाटकापाशी थांबतात,” मी म्हणालो.

“पोस्टात टाक,” मर्डो म्हणाला. “आणि तिकीट सरळ लाव.”

जुलैच्या नऊ तारखेला, मंगळवारी, दुपारच्या चहाच्या वेळी तो गेला. हॉस्पिसमध्ये, मी आणि काका समोर असताना. शेवटच्या आठवड्यात इंग्रजी त्याला सोडून गेलं होतं. तो गेलिकमध्ये काहीतरी एकसारखं म्हणत होता, एका लयीत, छताकडे बघत. नर्सला वाटलं प्रार्थना. मला ‘नॉर्मन’ ऐकू आलं. तो खडक मोजत होता. किती झाले ते कळलं नाही, पण दोनशे अकरा झाले नसावेत.

दोन आठवड्यांची नोटीस त्याने दिली नाही. मी आजारी असल्याचा मेसेज टाकला. तो फारसा खोटा नव्हता.

फ्युनरल डायरेक्टर बाईंनी आमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक फॉर्म पुढे केला. पेटी खांद्यावरून नेणं ही मॅन्युअल हँडलिंगची जोखीम होती. फाटकापासून खड्ड्यापर्यंत तीनशे चाळीस मीटर. ट्रॉली सर्वांसाठी सुरक्षित, मोफत, आणि रबरी चाकांची. “आवाज येत नाही,” त्या म्हणाल्या.

हृषिकेशने दोन दिवसांत अकरा पानांचं रिस्क असेसमेंट लिहिलं. खांदेकऱ्यांची उंची, बदलाचे टप्पे, वाऱ्याचा वेग. क्लायंटसाठी त्याने इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं. त्या बाईंनी ते वाचून सही केली आणि अट घातली : आधी सराव.

शनिवारी सकाळी ओव्हलवर आम्ही सराव केला. अ‍ॅल्युमिनियमची शिडी, तिच्यावर वीस-वीस किलोच्या सोना मसुरी तांदळाच्या पाच पिशव्या, वर चादर. चौघे खाली, दोघे बदली. काका कमरेवर हात ठेवून पिचच्या मध्यावर. दहा महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ पाहिलं नव्हतं.

“पाय जुळवा! डावा! अरे, डावा म्हणजे डावा! मिरवणूक नाही ही!”

अर्ध्यावर ते ओरडले, “थांबा. विसावा.”

आम्ही शिडी टेकवली. प्रत्येकाने एक दगड ठेवला.

“आता फिरवा.”

“काय फिरवा?” हृषिकेशने विचारलं.

“शिडी. पुढचं टोक मागे, मागचं पुढे.”

“कशाला, बाबा?”

“विसाव्याला फिरवतातच. घराकडची वाट माणसाने विसरावी म्हणून. तुमच्या त्या बावीस पानांत नाही का लिहिलेलं?”

“अकरा.”

“मग अर्ध्यातच लिहायचं राहिलं असेल. फिरवा.”

आम्ही फिरवली. मला वाटलं, हे काकांना मर्डोने सांगितलं असेल. काकांना वाटलं, हे जगात सगळ्यांनाच माहीत असतं. शिडी दोन्हीकडून सारखी होती आणि तांदळाला डोकं नसतं. काही बिघडल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. तेवढ्यात कौन्सिलची गाडी आली. कुणीतरी तक्रार केली होती की ओव्हलवर काही भारतीय चादरीखाली काहीतरी घेऊन रडत चाललेत. रडत कुणी नव्हतं. ते काका मोजत होते.

शीना येणार की नाही, ते सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. तिने फोन उचलला नव्हता. हृषिकेशच्या असेसमेंटमध्ये तो लाल रंगातला एकमेव रकाना होता : ‘क्रमांक एक अनुपस्थित. उपाय : नाही.’

अंत्यविधी मंगळवारी सकाळी दहाला. पश्चिमेच्या माळावरची नवी दफनभूमी, अर्धी रिकामी, गवत वाऱ्याने एका बाजूला झोपलेलं. मर्डोच्या इच्छेप्रमाणे मिनिस्टर नाही, फुलं नाहीत, पेटीवर पितळी पाटी नाही. सरळ चौकोनी पेटी, दोन्ही टोकं सारखी रुंद. तिच्यावर त्याच्या आईने बोरसेवर विणलेली लोकरीची करडी चौकडीची घोंगडी, चारही बाजूंनी खाली लोंबणारी. तिच्या आत, पेटीच्या कडांना, आठ दोऱ्या बांधून गुंडाळून ठेवलेल्या.

फाटकापाशी एक बाई उभी होती. साठीची, लाल नाक, मर्डोचीच हनुवटी. हातात कार्ड.

“मी इथेच थांबते,” ती म्हणाली. “बायका इथेच थांबतात. त्यानेच शिकवलंय.”

काका पुढे झाले. त्यांच्या बँकेतल्या इंग्रजीत, काउंटरवरच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, टोकन नंबर वन कुणाकडे आहे?”

“माझ्याकडे.”

“मग बाहेर कशाला थांबता? नंबर लागलाय तुमचा.”

शीनाने कार्डाकडे पाहिलं. लाल ठिपका डोक्याकडे. मग ती आत आली.

आम्ही उचलली. तांदूळ आणि माणूस यांच्या वजनात फरक असतो. वजन तेवढंच असलं तरी असतो. फ्युनरल डायरेक्टर बाई काळी हॅट घालून पुढे चालत होत्या. मागे वळून बघायचं नाही हा त्यांच्या कामाचा शिष्टाचार. वारा समोरून. काका बाजूने चालत हळू आवाजात मोजत होते. वीस. बदल. वीस. बदल. कुणाचा पाय चुकला नाही. माझ्या खांद्यावर पेटीची कड रुतत होती आणि मला एकच विचार येत होता, की हे किती साधं आहे. किती साधं काम आहे हे, आणि ते करायला मला तेव्हा कुणी येऊ दिलं नाही.

एकशे सत्तर मीटरवर काका म्हणाले, “विसावा.”

आम्ही गवतावर पेटी टेकवली. आठ काळे दगड आदल्या दिवशीच आणून ठेवले होते. त्यांचा लहानसा ढीग झाला. शीनाने शेवटचा ठेवला. हे दगड कुठून आले, कुणी सांगितलं, असं तिने विचारलं नाही. मग काकांनी हात गोल फिरवून खूण केली आणि आम्ही पेटी फिरवली. सहाजणांनी, हळुवार, सराव केल्याप्रमाणे. मीही फिरवली. घोंगडी सगळीकडून सारखी होती.

कबरीच्या खड्ड्यावर आडव्या फळ्या टाकलेल्या होत्या. त्यांच्यावर पेटी ठेवली. हृषिकेशच्या लॅमिनेट केलेल्या नकाशाप्रमाणे सगळे आपापल्या ठिकाणी गेले. शीना पश्चिमेच्या टोकाला, डोक्याची जागा. मी पूर्वेच्या टोकाला, पायाची. बाकीचे बाजूंना.

मग मी फोन सुरू केला. बोरसेवर प्रार्थनेची गाणी गायची एक पद्धत होती. एकजण ओळ द्यायचा आणि मग सगळे ती ओळ उचलायचे, प्रत्येकजण आपापल्या वेगाने, आपापली वळणं घेत, लाटांसारखे. मर्डोचं मिनिस्टरांशी वैर होतं, गाण्यांशी नव्हतं. “ती त्यांनी लिहिलेली नाहीत,” तो म्हणायचा. जूनमध्ये त्याने माझ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं, आणि तेव्हा मी ते पूर्ण ऐकलं नव्हतं.

त्याचा आवाज आला. चिरका, उंच. एक ओळ. मग काहीच नाही. मला वाटलं, फोन अडकला. पंधरा सेकंद नुसता वारा. मग दुसरी ओळ. पुन्हा पंधरा सेकंद. तेव्हा कळलं. त्याने लोकांसाठी जागा सोडली होती. शंभर माणसं उचलतील एवढी. मेलेला माणूस ओळ देत होता आणि सात मराठी माणसं तोंड बंद करून उभी होती. तिसऱ्या जागेत शीनाने गायला सुरुवात केली, हळू, घसा खाकरत. चौथ्या जागेत तिला शब्द आठवले नाहीत. पाचवी ओळ आली, आणि जागा रिकामी गेली.

बाईंनी घोंगडी काढली, घडी करून शीनाच्या हातात दिली. आम्ही समोरची दोरी उचलली. प्रत्येक दोरीच्या टोकाला काळा गोंडा आणि गोंड्याला छोटासा पितळी बिल्ला.

माझ्या बिल्ल्यावर ‘एक’ लिहिलं होतं.

मी कार्ड काढून पाहिलं. दोन. बिल्ला उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. एक नंबर म्हणजे डोकं. मर्डोचं डोकं माझ्या हातात होतं, पूर्वेला. पाय शीनाकडे, पश्चिमेला. मिनिस्टरसारखा.

शेजारी हृषिकेश समोर बघत होता. त्याने बिल्ला पाहिलाच नव्हता. काका डोळे मिटून उभे होते, ताठ, चेहऱ्यावर दहा महिन्यांत नव्हतं ते समाधान. बाईंनी फळ्या ओढायची खूण केली. आता पेटी आमच्या हातांवर होती. मी म्हणालो असतो, थांबा. मग आठजणांनी ती पुन्हा वर घेतली असती, काकांना सगळ्यांदेखत सांगावं लागलं असतं, आणि बाईंनी ट्रॉली मागवली असती. रबरी चाकांची.

मी समोर पाहिलं. शीना आपल्या बिल्ल्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि दोरी सोडत राहिलो. हातभर, आणखी हातभर. पेटी तळाला लागली तेव्हा दोरी सैल झाली. रिवाजाप्रमाणे गोंडा आत टाकायचा. मी टाकला.

पार्किंगमध्ये ती माझ्या गाडीपाशी आली.

“तू पाहिलंस,” ती म्हणाली.

“हो.”

“बोलला का नाहीस?”

“तू का नाही?”

ती घोंगडीची घडी उलगडत, परत घालत राहिली. “मला वाटलं, हेही त्यानेच ठरवलं असेल. मला पायाशी उभं करायचं.”

“नाही. तुझं नाव डोक्याशीच होतं. आम्ही चुकलो.” मी तिला विसाव्याचं सांगितलं. शिडीचं. तांदळाचं.

ती हसली. म्हणजे सुरुवात हसण्याने झाली. मग ती गाडीच्या बॉनेटला टेकून खाली वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मी शेजारी उभा राहून पार्किंगचे नियम वाचले. तीन वेळा.

“मिनिस्टरसारखं पुरलं त्याला,” ती शेवटी म्हणाली. “तुला माहितीये त्याला काय वाटलं असतं?”

“तो माझ्याकडे येणार आहे. उठल्या-उठल्या. तसं ठरलंय.”

“परमिशन काढता येते. वर काढायची. मी विचारू शकते ऑफिसमध्ये.”

“हो. फॉर्म असेल.”

वाऱ्याने घोंगडीचं टोक तिच्या तोंडावर मारलं.

“आता तो कुठे बघतोय?” तिने विचारलं.

“पश्चिमेला.”

“पश्चिमेला काय आहे?”

“गोदामं. मग अ‍ॅडलेड. मग बराच वेळ काही नाही.” मी थांबलो. “मग पर्थ.”

तिने फॉर्म भरला नाही. मला ते बरोबर की चूक, ठरवता आलं नाही. मीही विचार करतोय.

कबरीवर दगड सप्टेंबरमध्ये बसला. दफनभूमीच्या प्लॅनप्रमाणे पश्चिमेच्या टोकाला, म्हणजे मर्डोच्या पायांवर. त्याच महिन्यात काकांचा व्हिसा संपला. पुण्याला गेल्यापासून ते सोसायटीत सगळ्यांना सांगतात : ऑस्ट्रेलियात एका साहेबाचं मयत केलं, परक्या रीतीने, एक चूक नाही.

मी महिन्यातून एकदा रविवारी जातो. बाकी लोक दगडाकडे तोंड करून उभे राहतात, फुलं ठेवतात. मी उलट्या टोकाला, पूर्वेकडे गवतावर बसतो. लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, याचं मेलेल्याशी भांडण झालंय.

परवा तिथेच होतो तेव्हा काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, “कुठे आहेस?” मी सांगितलं. त्यांना बघायचं होतं. मी फोन गवतावर उभा केला. वाऱ्याने तो दोनदा पडला.

“दगड छान आहे,” काका म्हणाले. मग जरा थांबून, “अपूर्व, नीट झालं होतं ना रे सगळं?”

“हो काका.”

“फिरवायला मी विसरलो नाही. तेच बरेच जण विसरतात.”

“हो,” मी म्हणालो. “नो वरीज.”

मग नेटवर्क गेलं. स्क्रीनवर ते गोल फिरत राहिलं. मी फोन तसाच राहू दिला आणि मर्डोच्या डोक्याशी बसून राहिलो.